दीपमाळेवरची दुसरी हाक

…तर देवमन गुरव दीपमाळेच्या मध्यावर अडकला, इथे काल आपलं बोलणं थांबलं होतं. डोक्यावर वरच्या दिव्यांची धग, पायाखाली खालच्या दिव्यांची धग, आणि मधे एका दगडी हातावर कसाबसा उभा देवमन. कमरेला तेलाची बुधली, मुठीत पेटता काकडा. खाली सारं हिवरदरी गाव माना वर करून उभं. कोणी म्हणे उडी मार, कोणी म्हणे महादेवाचं नाव घे. त्यात हसू दाबणारेच जास्त होते.

पण काल जे आले नव्हते त्यांना एकदम मध्यावर चढवणं बरं नाही. त्यांना पायथ्यापासून नेलं पाहिजे, आणि पायथ्याशी उभी होती पंचफुला. गोष्ट तिचीच आहे. देवमनचे फक्त तळपाय भाजले.

पंचफुला शेलूबाजारची लेक. बाजाराच्या गावात वाढलेली, त्यामुळे माणूस तोंड उघडायच्या आत त्याला काय विकायचं आहे ते तिला कळायचं. अंगाने ठेंगणी, रंगाने काळीसावळी, आणि हात असे चालते की कापूस वेचताना तिच्या बाजूच्या ओळीत उभं राहायला बायका नाखूष असत. नानाजीच्या घरी ती सून म्हणून आली तेव्हा सोळा वर्षांची होती. नानाजी दिसायला पहिलवान, मिशा अशा की पोरांनी वाट सोडावी. पण आईपुढे त्या मिशा ओल्या होऊन खाली यायच्या. आई म्हणजे कस्तुराबाई. तरणेपणी विधवा झाली, एकटीने वावरं राखली, लेक मोठा केला, आणि त्याची सारी वसुली सुनेकडून करायची असं तिने ठरवून टाकलं होतं. त्या घरात मांजरसुद्धा विचारून शिंकायचं.

वर्षं गेली, पाळणा काही बांधला गेला नाही. पंचफुलाने उपास धरले, मंगरूळपीरच्या दर्ग्याला धागा बांधला, आणि शेवटी महादेवाच्या दीपमाळेला नवस बोलली की पाच सालं मनापासून दिवा लावीन, माझी ओटी भर.

आता हा दिवा काय ते सांगितलं पाहिजे. त्रिपुरी पौर्णिमेला आपल्याकडे दीपमाळ वरून खाली पेटते. माळ म्हणजे दगडी खांब. त्याला चहूबाजूंनी दगडाचे हात काढलेले. गुरवाने त्या हातांवर पाय देत शेंड्यावर जायचं, पहिला दिवा तिथे लावायचा, मग एकेक फेरा पेटवत खाली यायचं. अगदी तळाशी अरुंद ओटा, आणि त्यावर गोल कोरलेल्या दगडी वाट्या. त्या सवाष्णींच्या. एका घराची एक वाटी. सरकी तेलात भिजवायची, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून मुठीएवढी पोटळी करायची आणि त्या वाटीत ठेवायची. गुरवाचे पाय जमिनीला लागले की मानाची सवाशीण आपली पोटळी पेटवणार, तिच्यावरून शेजारीण, शेजारणीवरून तिची शेजारीण, असा उजेड गोल फिरून येणार. पेटली की कमरेएवढी ज्वाळा. आणि तो दिवा म्हणजे त्या बाईच्या नवऱ्याचं आयुष्य. फुंकायचा नाही, हलवायचा नाही. आपण होऊन शांत होईपर्यंत तेल घालत राहायचं. पहिल्या वाटीचा मान नानाजीच्या घराण्याचा.

दुसरा रिवाज हाकेचा. शेंड्याच्या दिव्याला काकडा लावण्याआधी गुरवाने वरून एक हाक द्यायची. सालाला एकच. वर्षभरात जे साऱ्यांना दिसलं पण कोणी बोललं नाही, ते दिव्याच्या तोंडी सांगून टाकायचं. ज्याने हे सुरू केलं त्याच्या मनात काही चांगलंच असेल. देवमनच्या हाती ते आलं आणि त्याची मजा झाली. जानराव दुधात पाणी घालायचा, तर देवमन वरून ओरडला, जानरावची म्हैस यंदा थेट विहिरीवरच व्याली. लिलाबाईचा नवरा रोज भजनाला म्हणून घराबाहेर पडायचा; देवमन म्हणाला, त्याला अजून एक अभंग पाठ नाही, पण शेवटच्या गल्लीतल्या एका घराचं दार अंधारात सापडतं. गाव पोट धरून हसायचं, आणि ज्याचं नाव निघालं त्याने सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायचं, अशी पद्धत. लिलाबाईही हसली होती. मग ती महिनाभर पाण्याला बाहेर आली नाही.

आणि हाकेत आलेलं खोटं धरायचं नाही. देवाच्या दारी, दिव्याच्या तोंडी निघालेलं वाक्य. त्यावर ठरलेल्या सोयरिकी मोडल्या, सख्ख्या भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. मंगरूळपीरला कोर्टकचेरी होती, पण आपल्या गावचा निकाल दीपमाळेवरून लागायचा.

चौऱ्याहत्तरची त्रिपुरी. पंचफुलाच्या नवसाचं पाचवं साल. आदल्या दिवशी कस्तुराबाईने देवमनला जेवायला बोलावलं, पुरणपोळी केली, आणि वाढायला पंचफुलालाच उभं केलं. देवमन तूप ओरपत होता आणि कस्तुराबाई त्याच्याशी शेतीच्या गोष्टी बोलत होती. कोणतं वावर राखावं, कोणतं टाकावं. पंचफुलाने आणखी एक पोळी त्याच्या ताटात घातली.

दुसऱ्या दिवशी वरून हाक आली: "नानाजी, किती सालं झाली पेरून राह्यला. बियानं चांगलं हाय, बाप्पा. वावर बदल."

गाव हसलं. नाल्यापलीकडे ऐकू जाईल असं हसलं. पंचफुलाही हसली, पद्धत होती म्हणून. आणि हसता हसता वाकून तिने आपली पोटळी पेटवली. दुसऱ्या दिवसापासून कस्तुराबाई दारोदार सांगत सुटली की आता मी काय करू, देवच बोलला. फाल्गुनात धनजहून गंगू आली. दोन बायका करायला बंदी होती म्हणतात, पण ती बंदी कचेरीत बसायची, गावात यायला तिला जीप मिळत नसे.

गंगू एकोणीस वर्षांची. बारीक, घाबरट, मोठ्या आवाजाला दचकणारी. पंचफुलाला "मोठीबाई" म्हणायची आणि तिच्या आधी कधी ताटावर बसायची नाही. पंचफुलाला तिचा राग आला असता तर सोपं झालं असतं. पण राग यावा असं त्या पोरीने काही केलंच नाही. मग आषाढात गंगूला उलट्या सुरू झाल्या आणि कस्तुराबाईने गावभर गूळ वाटला. एवढा गूळ तिने लेकाच्या जन्मालाही वाटला नसेल.

त्या दिवसापासून पंचफुलाचं अंथरूण ओसरीवरून गोठ्याच्या खोलीत गेलं. नानाजीने ते स्वतः उचलून नेलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला की तिथे हवा चांगली आहे. दसऱ्याला कस्तुराबाईने सांगून टाकलं: त्रिपुरी झाली की शेलूबाजारहून भावाला बोलावून घे आणि जा. आत्ताच का नाही, तर मानाचा दिवा. पोटुशी बाई दीपमाळेच्या आगीजवळ जात नाही, म्हणून गंगूला यंदा तो लावता येत नव्हता. म्हणजे पंचफुलाला घरात ठेवलं होतं ते एका पोटळीपुरतं. भावाच्या घरी काय वाढून ठेवलं होतं ते तिला ठाऊक होतं. भावजय बोलायला तिखट, आणि तिला स्वतःच्या चार पोरी. वांझ नणंद तिच्या दारात म्हणजे भांडी घासायला बिनपगारी बाई. पंचफुलाला हे घर सोडायचं नव्हतं. या घरातला चुलीचा एकेक दगड तिने बसवला होता.

त्रिपुरीच्या आधी बायका देवळाच्या पडवीत बसून सरकी निवडतात, फडकी फाडतात, वाती वळतात. तिथे देवमनची बायको रामीबाई पंचफुलाच्या शेजारी बसली होती. रामीबाई कमी बोलणारी. देवमन गावाला वरून जेवढं बोलायचा, त्याच्या दुप्पट घरी हाताने बोलायचा. त्यामुळे ती पदर डोळ्यांवर ओढूनच असे. दुपारी बाकीच्या बायका पाणी प्यायला उठल्या तेव्हा रामीबाई सरकीतून डोळे न काढता सांगू लागली. चार सालांमागे नानाजी बैल बघायला म्हणून अकोल्याला गेला होता ना, सोबत देवमन होता. बैल नव्हते बघितले. डॉक्टर बघितला. डॉक्टरने तपासून सांगितलं की बाईला आणू नका, दोष तुमच्यात आहे. मूल होणं अवघड, पण दहात एखाद्याला होतंही, आस सोडू नका. परत येताना नानाजी एसटीत लहान पोरासारखा रडला, आणि देवमनने कोणापुढे तोंड न उघडण्याची शपथ घेतली. त्या शपथेपायी चार सालं दर सुगीला नानाजीकडून ज्वारीचं पोतं येत होतं.

पंचफुलाने विचारलं की मग हे मला आज का सांगितलंस. रामीबाई म्हणाली, सहज.

पंचफुलाच्या हातातली पोटळी तशीच राहिली. पाच सालं उपास, धागे, नवस. आणि तो माणूस रोज रात्री बाजूला झोपत होता, त्याला ठाऊक होतं. ती नानाजीकडे गेली असती तर त्याने आईकडे बघितलं असतं. कस्तुराबाईकडे गेली असती तर कस्तुराबाई म्हणाली असती, गंगूचं पोट बघ आणि मग बोल. गावात कोणाला सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, निघाली म्हणून घाण टाकून चालली. या गावात एकच जागा होती जिथून बोललेलं खरं ठरायचं, आणि तिथे देवमन चढायचा. तिने पोटळी पुन्हा सोडली, आत आणखी मूठभर सरकी घातली आणि घट्ट बांधली.

पंच्याहत्तरची त्रिपुरी. दिवस उतरताना पालखी निघाली. महादेवाचा चांदीचा मुखवटा, पुढे सनई-डफडं, ते शेलूबाजारहून बोलावलेलं. छप्पनला दीक्षा घेतल्यापासून नाल्यापलीकडच्या वस्तीने दिवट्या धरणं, वाजवणं सोडून दिलं होतं. तेव्हापासून मशाली पाटलाच्या भाऊबंदांना धराव्या लागत, आणि तेल हातावर ओघळलं की त्यांना पहिल्यांदाच कळायचं की हे काम मानाचं नाही. पालखी दारोदारी थांबली. बायकांनी भोयांच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. नानाजीच्या दारात कस्तुराबाईने गंगूला पुढे केलं. भारी लुगडं, कपाळभर कुंकू. पंचफुला मागे घागर धरून उभी होती. एका म्हातारीने गंगूला आशीर्वाद दिला आणि पंचफुलाला बाजूला सरकायला सांगितलं, सावली पडते म्हणून.

पालखी देवळाशी आली, नाल्यात द्रोणांतले दिवे सोडून झाले, आणि देवमन चढला. पन्नाशी ओलांडलेली, पोट सुटलेलं, पण माळेवर चढताना अजून तोल जात नसे. शेंड्याला पोचून त्याने कपाळ पुसलं आणि गावाने कान टवकारले. काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं; तरी ऐकायचं होतं.

"वावर बदललं," देवमन ओरडला, "अन् पीक आलं. जुनं वावर आता पडीत टाका, त्याच्यात गाढवं चारा."

हसण्याने पारवे उडाले. लोक वळून वळून पंचफुलाकडे बघत होते, ती हसते का ते. पद्धतीप्रमाणे ती हसली. देवमनने शेंडा पेटवला, खालचा फेरा पेटवला, त्याखालचा पेटवला, आणि मध्यावर आला. तो अजून माणूसभर उंचीच्या वर असताना पंचफुला मानाच्या जागी वाकली, आणि पोटळी पेटवली.

शेजारणीचा पदर डोळ्यांवर. तिने वर बघितलं नाही; मानाचा दिवा लागला म्हणजे गुरव उतरला, एवढंच तिला ठाऊक. तिने आपली लावली. तिच्यावरून लिलाबाईने, लिलाबाईवरून पुढचीने. देवमनने खाली बघितलं तोवर उजेड गोल फिरून आला होता.

"कोन हाय व ते?" तो वरून खेकसला. "माहे पाय कुठी टेकले अजून?"

"मी हाय, भाऊजी," पंचफुला म्हणाली.

आधी लोकांना गंमतच वाटली. मग सरकीने जोर धरला आणि देवमनने एक पाय वर घेतला, मग दुसरा. वर जायला जागा नाही, त्याचेच दिवे तिथे पेटलेले. पंजाबराव पाटील उत्सवाचे पुढारी; ते पुढे आले आणि म्हणाले की एक पोटळी बाजूला करा, माणसाला वाट द्या.

एक पोटळी. पण कोणाची? हा प्रश्न आला आणि सारे पुरुष शहाणे झाले. ज्याच्याकडे पाटील बघे तो आपल्या बायकोच्या दिव्यापुढे जाऊन उभा राही. एक म्हणाला मला दोन लहान पोरं आहेत. एक म्हणाला यंदा माझ्या पत्रिकेत आधीच वाईट आहे. कोणीतरी मागून सुचवलं की पाटलीणबाईंचीच वाटी अगदी कडेला आहे, सोयीची आहे.

"माहं आंग दोन दिसापासून बरं नाही," पाटील म्हणाले, आणि दुसरीकडे बघू लागले.

वर देवमन बघत होता. आयुष्यभर ज्यांना त्याने हसवलं ते आता त्याच्या जिवाचा हिशेब आपापल्या नवसाशी लावत होते. मग नानाजी आला आणि पंचफुलाला हळूच म्हणाला की तुझी पोटळी सरकव, माझं काय व्हायचं ते होऊ दे. भला माणूस होता, असा मधूनच.

"साऱ्यांपुढं म्हना," पंचफुला म्हणाली. "माहा दिवा इझव म्हना."

नानाजीने तोंड उघडलं, तोच कस्तुराबाई गर्दी सारून आली. खबरदार कोणी हात लावला तर, ती म्हणाली, माझ्या लेकाचा दिवा आहे. तिने दिव्यापुढे हात आडवे पसरले. पंचफुलाने सासूसाठी जागा करून दिली.

"भाऊजी," मग तिने वर बघून हाक मारली, "दुसरी हाक द्या."

देवमन म्हणाला की सालाला एकच हाक असते. पंचफुलाने तेलाचा चंबू कलता केला. ज्वाळा ताडकन वर गेली आणि देवमनच्या धोतराचा सोगा काळा झाला.

"अकोल्याच्या डाक्टरनं काय सांगतलं ते सांगा."

"कोनता डाक्टर?" कस्तुराबाईने विचारलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिने लेकाकडे बघितलं, आणि लेक आपल्या मिशा चावत होता.

देवमन म्हणाला त्याला काही आठवत नाही. तेव्हा लिलाबाई पुढे झाली आणि कोणी न सांगता तिने आपल्या पोटळीवर तेल घातलं. नंतर जानरावची बायको. नंतर जिच्या लेकीची सोयरीक हाकेने मोडली होती ती. ज्या ज्या घरावर देवमनने आजवर गाव हसवलं होतं त्या त्या घरची बाई आली, शांतपणे वाकली, धार धरली आणि मागे सरली. अडवायचं तरी कसं? नवऱ्याच्या दिव्याला तेल घालणं हे पुण्याचंच काम. सगळ्यांत शेवटी रामीबाई आली.

"रामे, तू बी?" देवमन वरून म्हणाला. रामीबाईने चंबू पालथा केला, तळाचा थेंब झटकला, आणि पदर पुन्हा डोळ्यांवर घेतला.

मग देवमन ओरडला. आवाज कसला, बकरीसारखं बें-बें ते. "नानाजीले डाक्टरनं तपासलं. मी संग होतो. बाईत दोष नाही म्हने. मान्सात हाय. पोर होनं अवघड हाय, पन…"

हे "पन" पंचफुलाला ठाऊक होतं. त्याच्या पुढे काय आहे तेही ठाऊक होतं. रामीबाईने तिला वाक्य पुरतं सांगितलं होतं. तिने एकदा देवळाच्या पायरीकडे बघितलं. आगीपासून दूर, ओवाळणीचं ताट घेऊन, गंगू तिथे उभी होती आणि काय चाललंय ते न समजून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते "पन" पुढे गेलं असतं तर दोघीही घरात राहिल्या असत्या. एक ओसरीवर, एक गोठ्यात. पंचफुलाने उरलेलं सारं तेल एकदम ओतलं.

"अवघड म्हंजे काय, भाऊजी? होते का नाही होत? एका शब्दात सांगा."

"नाही होत," देवमन किंचाळला. "नाही होत, व माय. उतरू दे मले."

मग कोणीतरी हसलं, मागच्या बाजूचं. मग त्याच्या शेजारचा. मग गावाला कळलं, आणि असं हसणं त्या दीपमाळेने आधी ऐकलं नसेल. आधी लोक नानाजीच्या मिशांकडे बघून हसले. नानाजीही हसला, इतक्या वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं. त्यानंतर एकेक मान पायरीकडे वळली, गंगूच्या पोटाकडे, आणि हसण्याचा आवाज बदलला. गंगूच्या हातातलं ताट खाली पडलं. ते उचलायला ती वाकली, तर बाजूच्या बायका पाय मागे घेऊन उभ्या राहिल्या, तिचा पदर लागू नये म्हणून.

तेल संपलं तसा देवमन उतरला. पौषापर्यंत तो टाचांवर चालत होता, आणि पुन्हा माळेवर चढला नाही. पाटलांनी पुढच्या सालापासून हाकच बंद करून टाकली. काही लोकांना त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणतात, त्रिपुरीला आता पहिल्यासारखी मजा नाही.

कस्तुराबाईची मात्र चांगलीच पंचाईत झाली. देवमन खोटं बोलला असं ती चार घरी सांगून आली. पण वर्षभर तिनेच त्याच चार घरी सांगितलं होतं की दीपमाळेवरचं म्हणजे देवाचं. पाचव्या घरी ती गेली नाही. पुढे तिला अर्धांगवायू झाला तेव्हा पंचफुलाने तिला अकरा वर्षं वेळेवर भरवलं, कधी शिळं घातलं नाही, आणि तिच्याशी एक शब्द बोलली नाही. म्हातारी डोळ्यांनी विनवायची की काहीतरी बोल, शिवी दे. पंचफुला तोंड पुसून ताट घेऊन जायची. नानाजी वावरातल्या खोपटात राहायला गेला, भाकर पोचायची. घर, वावरं, गडीमाणसं सारं पंचफुलाने चालवलं, आणि चांगलं चालवलं. पहिल्या वाटीचा मान ती मरेपर्यंत तिच्याकडे होता.

गंगूला धनजला मुलगा झाला. काही सालांनी मंगरूळपीरच्या बाजारात लोकांनी त्याला बघितलं. नानाजीचीच पुढे आलेली हनुवटी, नानाजीचेच कान, आणि आजीसारखा कपाळाला आठ्या घालून बघायचा. लोकांनी बघितलं, एकमेकांना कोपर मारलं आणि भाजी घेतली. आता ते बोलून कोणाला काय मिळणार होतं.

पण त्रिपुरीनंतर तिसऱ्या दिवशी, गंगूचा बाप गाडी घेऊन आला तेव्हा, हे काहीच झालेलं नव्हतं. बाप दारात आला नाही. गाडीवरच बसून राहिला, बैलांच्या पाठीकडे बघत. कस्तुराबाईने गंगूची पेटी स्वतः अंगणात आणून टाकली. नानाजी घरात नव्हता. गल्लीभर लोक आपापल्या दारात काही ना काही काम काढून उभे होते. गंगूने लुगड्याचा पदर पोटावर घट्ट धरला होता, आणि घाबरट पोर ती, त्या दिवशी मात्र पंचफुलापुढे सरळ उभी राहिली.

"मोठीबाई," ती म्हणाली, "हे लेकरू याच घरचं हाय. बाकीच्याईले नसंल माईत, पन तुमाले तं माईत हाय."

पंचफुलाने पेटी उचलली, गाडीत नेऊन ठेवली, ती हलू नये म्हणून खाली कडब्याची पेंढी सरकवली, आणि परत येऊन उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"माईत हाय मले," ती म्हणाली. "पन या घरी एकीचीच जागा हाय, गंगू, अन् मी आंदी आली होती. जाय आता, तुह्या बापाले ऊन लागून राह्यलं."